अस्वलाची थंडीतली झोप समजून घ्या, आणि त्यावरून आपला किडनीचा रिपोर्ट कसा वाचायचा ते शिका

थंड देशातलं अस्वल वर्षातले पाच-सात महिने गुहेत पडून असतं, त्या काळात ते खात नाही, पाणी पीत नाही, लघवीला जात नाही, आणि थंडी सरल्यावर बाहेर येतं तेव्हा त्याची किडनी ठणठणीत असते. हे मी मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि माझे इथे रोज मूठभर गोळ्या खाऊनसुद्धा पाय सुजतात, ते कसं गो?" तिच्या त्या प्रश्नापायी मी बरंच वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, आणि आता हे लिहायला बसलेय, कारण तिला जे समजावलं ते अजून बऱ्याच घरात लागणार आहे.

मी गोव्यात, साखळी गावाच्या बाजूला एका लॅबमध्ये चौदा वर्षं काम करते. रोज सकाळी रक्ताच्या ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या, खाली लाल गोळा बसतो आणि वर पिवळसर सिरम राहतं, त्या सिरममध्ये युरिया आणि क्रिएटिनिन किती ते मशीन सांगतं. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला माणसं येतात, कागद हातात घेतात आणि पहिला प्रश्न एकच, "सगळं बरं आहे मा?" काउंटरवरून आम्ही उत्तर देऊ शकत नाही, डॉक्टरांना दाखवा म्हणतो. मी डॉक्टर नाही, इथेही कुणाचं औषध ठरवत नाहीये. पण कागदावरच्या चार ओळी काय सांगतात एवढं कळलं की डॉक्टरसमोर बसल्यावर नेमका प्रश्न विचारता येतो, आणि त्यासाठी अस्वलाएवढा चांगला मास्तर मला दुसरा भेटला नाही.

पहिलं काम, घरातले जुने रिपोर्ट बाहेर काढा. मामीचे होते कापडाच्या दुकानाच्या पिशवीत, देवघराच्या मागे, सहा वर्षांचे, काही घडी पडून फाटलेले. एक वही घ्या, आडव्या रेघा मारा आणि तारखेप्रमाणे लिहा, तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, युरिया, लघवीतलं अल्ब्युमिन (हे रक्तातलं एक प्रोटीन), बीपी, साखर. शेवटच्या रकान्यात त्या दिवसात काय चाललं होतं ते, म्हणजे ताप होता, जुलाब होते, कंबर दुखते म्हणून आठवडाभर पेनकिलर चालू होती, असं काही असेल तर. मामीचं क्रिएटिनिन लिहून काढलं तर ०.९, १.१, १.४, १.७. प्रत्येक वेळी जिथे दाखवलं तिथे तिला "थोडं जास्त आहे, पाणी प्या" एवढंच सांगितलं गेलं, ते कुठलं ठिकाण ते मी लिहीत नाही, पण हे चार आकडे एका ओळीत कुणी मांडून बघितले नव्हते. मांडल्यावर मामालासुद्धा दिसलं, आणि मामा तिसरी शिकलेला आहे.

आता क्रिएटिनिन म्हणजे काय. आपले स्नायू रोज काम करतात त्यातून निघणारा हा कचरा, रोज साधारण तेवढाच निघतो, आणि किडनी तो गाळून लघवीत टाकते. गाळणी मंद झाली की तो रक्तात साचतो. म्हणून क्रिएटिनिनवरून, वय आणि स्त्री की पुरुष हे बघून, गाळणीचा वेग काढतात, तोच ईजीएफआर. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १.१ हा आकडा पंचवीस वर्षाच्या मुलाचा असेल तर ईजीएफआर येतो ९५ च्या आसपास, आणि सत्तावन्न वर्षाच्या बाईचा असेल तर ५९. आकडा तोच, कागदावर दोघांच्याही पुढे नॉर्मल छापून येऊ शकतं, पण बाईची गाळणी ६० च्या खाली गेलेली असते. म्हणून क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबमध्ये मागा, आम्हाला काढून द्यायला एक मिनिट लागत नाही.

९० च्या वर असेल तर गाळणीचा वेग चांगला. ६० ते ८९ असेल आणि लघवी साफ असेल तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर त्याला किडनीचा जुना आजार म्हणतात, ३० च्या खाली गंभीर, १५ च्या खाली गेला की डायलिसिस किंवा किडनी बदलणं याचं बोलणं सुरू होतं. तीन महिने हा शब्द विसरू नका, अस्वल आता त्यावरच येतंय.

अमेरिकेत १९७० च्या सुमाराला काळ्या अस्वलांच्या किडनीची तपासणी झाली, तेव्हा दिसलं की झोपेच्या काळात गाळणीचा वेग उन्हाळ्याच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. माणसाचा वेग तेवढा पडला तर आपण त्याला तिसऱ्या स्टेजचा (ईजीएफआर ३० ते ५९) पेशंट म्हणू. अस्वलाचं क्रिएटिनिनही तेव्हा दीडपट-दुप्पट, कधी त्याहून जास्त चढतं. २०११ मध्ये अलास्कातल्या अस्वलांचा अभ्यास छापून आला, त्यात हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ च्या आसपास आलेले, शरीराचा एकूण खर्च उन्हाळ्याच्या पाव हिश्श्यावर आलेला, आणि तरी अंगाचं तापमान ३० अंशांच्या खाली गेलेलं नव्हतं. म्हणजे अस्वल काही बर्फासारखं गोठत नाही, उबदारच असतं, फक्त सगळा कारभार हळू करून टाकतं. आणि वसंत आला की गाळणी परत पूर्वीच्या वेगाला.

यातून रिपोर्ट वाचणाऱ्याने घ्यायचं ते असं, की चढलेलं क्रिएटिनिन म्हणजे दर वेळी किडनी मेली असं नव्हे. जुलाब झाले, उन्हात पाणी कमी पडलं, आदल्या रात्री भरपूर मटण खाल्लं, जिमवाल्या मुलाने क्रिएटीनची पावडर घेतली, तरी ते चढतं आणि नंतर उतरतं. बीपीच्या काही गोळ्या सुरू केल्यावर, आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिस आणि किडनीसाठीच्या नव्या गोळ्या सुरू केल्यावरसुद्धा पहिल्या काही आठवड्यांत ते थोडं वर जातं, कारण त्या गोळ्या गाळणीतला दाब कमी करतात, गाळणीला जरा हळू चालायला लावतात, आणि पुढे वर्षानुवर्षं ती त्यामुळेच जास्त टिकते. हे माहीत नसल्यामुळे लोक पहिला रिपोर्ट बघून घाबरून गोळी बंद करतात. मामीने केली होती. कृपा करून असं करू नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा आणि विचारा की एवढी वाढ चालेल का, आणि परत कधी तपासू. पण अस्वलाची गाळणी वसंतात परत येते म्हणून आपलीही आपोआप येईल अशा आशेवर बसू नका. आपल्याकडे वसंत नाही, आपल्याकडे तीन महिन्यांनी केलेली दुसरी तपासणी आहे.

आता युरिया, आणि खरी गंमत इथे आहे, त्यामुळे इथे थोडं थांबूया.

आपण डाळ, मासे, अंडी खातो, त्यातल्या प्रोटीनमध्ये नायट्रोजन असतो. प्रोटीन मोडलं की हा नायट्रोजन लिव्हर युरियाच्या रूपात बांधते आणि किडनी तो बाहेर टाकते. किडनीच्या पेशंटमध्ये क्रिएटिनिन आणि युरिया दोन्ही चढतात, जोडीने. अस्वलात मात्र झोपेच्या काळात क्रिएटिनिन चढतं आणि युरिया खाली येतो. मेयो क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या राल्फ नेल्सन यांनी १९७० च्या दशकात हे नीट मोजलं, आणि पुढे युरिया आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर १० किंवा त्याखाली आलं की अस्वल खऱ्या शीतनिद्रेत आहे असं ओळखायला लागले. (हा दहाचा आकडा अस्वलासाठी आहे, आपल्या रिपोर्टवर भागाकार करत बसू नका, आपल्या लॅबची मोजायची पद्धतही वेगळी असू शकते.)

हे होतं कसं ते बघा. एक तर अस्वल त्या काळात चरबी जाळतं, स्नायू फारसे जाळत नाही, म्हणजे नायट्रोजनचा कचराच कमी होतो, आणि चरबी जळताना पाणी तयार होतं ते त्याला पुरतं. किडनी थोडी लघवी करत असते, पण ती मूत्राशयाच्या भिंतीतून परत शोषली जाते. त्यातला युरिया रक्तातून आतड्यात जातो, तिथले जिवाणू तो फोडतात, नायट्रोजन सुटा होतो, आणि अस्वलाचं शरीर तोच नायट्रोजन घेऊन परत प्रोटीन बनवतं. कुळागरात आपण पडलेली झावळं, शेण, पाला तिथेच पोफळीच्या बुंध्याला घालतो आणि बाहेरून खत आणावं लागत नाही, तसं आहे हे, कचरा बाहेर जातच नाही, त्याचंच परत खत होतं.

खारींमध्ये तर हे पुराव्यानिशी दिसलंय. उत्तर अमेरिकेत बिळात राहणारी तेरा पट्ट्यांची खार आहे, तिचं अंग झोपेत जवळजवळ फ्रिजमधल्या पाण्याएवढं थंड होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी खुणेचा युरिया, म्हणजे ज्यातला नायट्रोजन अंगात कुठे गेला ते नंतर ओळखता येतं असा, या खारींच्या अंगात सोडला, काहींना आधी अँटिबायोटिक देऊन पोटातले जिवाणू कमी केले, आणि बघितलं. २०२२ च्या जानेवारीत ते छापून आलं. ज्यांचे जिवाणू शाबूत होते त्यांच्या स्नायूत आणि लिव्हरमध्ये त्या युरियातला नायट्रोजन सापडला, आणि थंडी संपत आली तसं हे काम वाढलेलं होतं, म्हणजे जेव्हा उपास सगळ्यात लांबलेला असतो आणि स्नायूंना सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा.

आता आपल्या पेशंटकडे बघा. त्यांच्याही आतड्यात युरिया जातो, त्यांचेही जिवाणू तो फोडतात, पण त्याचं प्रोटीन होण्याऐवजी अमोनिया आतड्याच्या अस्तराला त्रास देत राहतो, शरीरात सूज वाढते, तोंडाला वास येतो, अन्न नकोसं होतं. माणूस खात नाही, स्नायू झिजतात, झिजलेल्या स्नायूंतून परत युरिया. अस्वल आणि पेशंट, दोघांची गाळणी मंद, पण एक सहा महिने उपाशी राहूनही दणकट बाहेर येतं आणि दुसऱ्याचे दंड बघता बघता बारीक होतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधले किडनीतज्ज्ञ पीटर स्टेनविंकेल आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं हेच विचारतायत, की अस्वलाला जमतं ते नेमकं कशामुळे, आणि ते औषधात आणता येईल का. त्याचं उत्तर अजून गोळीच्या रूपात कुणाकडे नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की झोपलेल्या अस्वलाचं सिरम प्रयोगशाळेत माणसाच्या स्नायूपेशींवर घातलं तर त्यांचं प्रोटीन मोडणं कमी होतं. मी रोज हातात सिरमची ट्यूब धरते, त्या दिवशी हे वाचल्यावर मी ट्यूब उजेडात धरून जरा जास्त वेळ बघत राहिले होते.

म्हणून युरिया वाचताना असं वाचा. युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही हळूहळू वर जातायत तर किडनीकडे बघायला हवं. क्रिएटिनिन जागच्या जागी आणि युरियाच एकदम वर गेलाय तर पाणी कमी पडलंय का, जुलाब-उलट्या झाल्यात का, पोटात कुठे रक्तस्राव तर नाही ना, काळी शी होतेय का, हे डॉक्टरांना सांगा. आणि युरिया अगदी कमी आलाय, भूक नाही, वजन उतरतंय, तर खूश होऊ नका, माणूस प्रोटीन खातच नाहीये असाही त्याचा अर्थ असू शकतो. अस्वलाचा युरिया कमी असतो तो स्नायू वाचवून, उपाशी पेशंटचा कमी असतो तो खाणं तुटल्यामुळे. कागदावर दोघे सारखेच दिसतात.

बर्फातल्या गोष्टी झाल्या, आता आपल्याकडचं. आमच्या म्हादईच्या रानात अस्वल आहे, पण ते शीतनिद्रा घेत नाही, त्याला गरजच नाही. आपल्याकडे झोपतो तो बेडूक, आणि तोही उन्हाळ्यात. दोन वर्षांमागे मे महिन्यात मामा सुपारीच्या रोपांसाठी खड्डे मारत होता, हातभर खाली मातीत एक बेडूक निघाला, डोळे मिटलेले, अंग मातीच्या रंगाचं, पाय पोटाशी घट्ट. मला वाटलं मेलाय. मामाने कुदळ बाजूला ठेवली, हाताने ओली माती आणून त्याच्यावर ओढली आणि खड्डा दोन हात सरकवून मारला, म्हणाला, "बेबो आसा, पावस पडलो की उठतलो." जमिनीखाली असा उन्हाळा काढणाऱ्या बऱ्याच बेडकांमध्ये शरीर युरिया बाहेर न टाकता मुद्दाम साठवतं, त्यामुळे अंगातलं पाणी मातीत ओढलं जात नाही. आफ्रिकेतला फुप्फुसमासा तळं आटल्यावर चिखलात असाच पडून राहतो आणि युरिया साठवतो, आणि किडनीची गाळणी कशी मोजायची हे ज्यांनी जगाला शिकवलं त्या होमर स्मिथनी १९३० च्या सुमाराला याच माशाचा अभ्यास केला होता. (आणि पहिल्या पावसात पिवळेधमक बेडूक शेतात आले की टॉर्च घेऊन त्यांना पकडायला जाणारे अजून आहेत, तो गुन्हा आहे, आणि तो बेडूक आठ महिने मातीत काय सोसून आलेला असतो हे एकदा कळलं तर कुणाचा हात उचलणार नाही असं मला मनापासून वाटतं.)

बेडूक उन्हात काम करत नाही, आपण करतो. काजूच्या दिवसात, मार्च ते मे, बागायतीत सकाळपासून वाकून बोंडू गोळा करायचे, पाणी विसरायचं, रात्री कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन घ्यायचं, हे इतक्या घरात चालतं की मी उन्हाळ्याच्या शेवटी येणारे क्रिएटिनिन बघून हबकते. पाणी कमी आणि वर ही गोळी, हे दोन एकत्र किडनीला फार वाईट. बागेत जाताना बाटली न्या, दर अर्ध्या-पाऊण तासाला घोट घोट प्या, आणि कंबरेसाठी कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारून घरात एकच ठेवा. ज्यांना आधीच आजार आहे आणि पाय सुजतात, त्यांनी पाणी किती ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच घ्यायचं, त्यांना "भरपूर पाणी प्या" लागू नाही. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात तर कितीतरी वर्षं धड कारण न सापडलेला किडनीचा आजार आहे, बिट्स पिलानीच्या गोव्यातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तिथल्या पाण्यातल्या सिलिका आणि शिशाकडे बोट दाखवलं होतं, त्यामुळे त्या बाजूच्या लोकांनी त्रास नसला तरी वर्षातून एकदा तपासून घ्यावं, आणि विहिरीचं पाणीही तपासून घ्यावं.

लघवीची तपासणी. हीच लोक सोडतात, रक्त दिलं की झालं म्हणतात, लघवीची डबी घरी विसरून येतात. रक्तातलं क्रिएटिनिन चढायच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन गळायला लागतं, विशेषतः डायबेटिस आणि बीपीवाल्यांत. तपासणीचं नाव एसीआर, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन लघवीतल्याच क्रिएटिनिनच्या मानाने किती, सकाळची पहिली लघवी आणायची. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीय, ३०० च्या वर म्हणजे जोरात. ताप असताना, लघवीला जळजळ असताना, पाळीच्या दिवसात, किंवा खूप व्यायाम करून आल्यावर देऊ नका, चुकीचं येतं. मामीचा एसीआर पहिल्यांदा केला तो चौथ्या क्रिएटिनिनच्या वेळी, आणि तेव्हा तो चारशेच्या पुढे होता. तिला बारा वर्षं डायबेटिस आहे. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण मी त्याच कामात आहे आणि मलाही ते सुचलं नाही.

आता खाण्याचं. अस्वलाकडून एकच उचला, स्नायू वाचवायचे आणि कचरा कमी करायचा, दोन्ही एकदम. डायलिसिसवर नसलेल्या पेशंटला साधारणपणे किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगतात, म्हणजे ५५ किलोच्या मामीला दिवसाला ४४ ग्रॅम. एका मध्यम बांगड्यात अठरा-वीस ग्रॅम जातात, वाटीभर डाळीत सहा-सात, उरलेलं दोन वेळचं शीत (भात), पाव, चपाती यात येतं. म्हणजे मासा बंद करायची गरज नाही, दिवसाला एक तुकडा, रात्री परत नको. डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटतो, तेव्हा किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, कारण मशीनमधून प्रोटीनचे तुकडेही जातात, पण जुनं पथ्य चालू ठेवून लोक स्वतःला वाळवतात. हे डायटिशियनला पुन्हा विचाराच.

मीठ दिवसाला एक चमचा, पाच ग्रॅमच्या आत, सगळं धरून. आपल्याकडे पावसात खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), तोराचं (कैरीचं) लोणचं, पापड, चोरिस (डुकराच्या मांसाचं सॉसेज), पेजेबरोबर हे सगळं येतं, आणि ते चमच्याच्या हिशोबात कुणी धरत नाही. खारं खायचंच असेल तर महिन्यातून एखाद्या वेळी, रात्रभर पाण्यात घालून, पाणी दोनदा फेकून. आणि बाजारातलं लो सोडियम मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, किडनी मंद असलेल्या माणसाच्या हृदयाला ते धोक्याचं. शहाळ्याचं पाणी तसंच, आपल्या घरच्या माडाचं असलं तरी.

करमलं आणि बिंबलं (बिलिंबी), या दोन्हीबद्दल वेगळं लिहिते, कारण परसात झाड असतं आणि फुकट मिळतं. करमल म्हणजे ते चांदणीसारखं कापलं जाणारं फळ, किडनीच्या पेशंटने ते अजिबात तोंडात घालू नये, त्यातलं विष किडनीतून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर जातं, न थांबणारी उचकी लागते, गोंधळल्यासारखं होतं, झटके येतात. बिंबलाचा रस कोलेस्टेरॉलवर चांगला म्हणून ग्लासभर पिणाऱ्या चांगल्या धडधाकट माणसांच्या किडन्या केरळात बंद पडल्या होत्या, त्यात ऑक्झॅलेट प्रचंड असतं. हुमणात (माशाच्या आमटीत) दोन फोडी आणि उपाशीपोटी ग्लासभर रस, यात फरक आहे, रस पिऊ नका.

अस्वलाचं काय उचलू नका तेही सांगते, कारण हे ऐकून एकाने मला खरंच विचारलं होतं की मग आठवडाभर उपास केला तर किडनीला विश्रांती मिळेल का. नाही मिळणार. आपल्याकडे युरियाचं परत प्रोटीन करायची ती सोय नाही, उपासात आपले स्नायू मोडतात. निर्जळी एकादशी करायची असेल तर ईजीएफआर किती आहे ते सांगून डॉक्टरांना आधी विचारा. लघवी धरून ठेवू नका, आपल्या मूत्राशयातून ती परत वापरात येत नाही, तुंबते आणि संसर्ग होतो, बसमध्ये, बाजारात सोय नसते म्हणून बायका तासन्तास धरतात ते मला माहीत आहे, तरीही. आणि अस्वलाचं पित्त, नख, चरबी औषधी म्हणून कुणी विकत असेल तर तो कायद्याने मोठा गुन्हा आहे आणि किडनीला त्याचा काडीचा उपयोग नाही. अस्वलाच्या पित्तात सापडलेलं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड आज कारखान्यात बनतं, डॉक्टर ते पित्ताशय आणि लिव्हरसाठी लिहून देतात, मेडिकलमध्ये स्ट्रिप मिळते, त्यासाठी कुठल्याही अस्वलाला हात लावायची गरज उरलेली नाही.

किडनी बदलायच्या कामातही हे प्राणी उपयोगी पडतायत. दुसऱ्याने दान केलेली किडनी बर्फावर, चार अंशांच्या आसपास ठेवतात, आणि जेवढे तास जास्त तेवढी ती खराब होत जाते, शिवाय परत गरम रक्त आत शिरलं की त्या क्षणी वेगळीच इजा होते. झोपणाऱ्या खारीची आणि हॅमस्टरची किडनी एका थंडीत कितीदा तरी गार होते आणि परत गरम होते, तिला ही इजा फार कमी होते. त्यांच्या पेशी हे कसं करतात ते कळलं तर दान आलेली किडनी जास्त तास टिकेल. मडगावची किडनी मुंबईला पोचवायची असेल तर तास किती महत्त्वाचे असतात ते कुणालाही समजेल.

डॉक्टरकडे जाताना वही न्या. फाइल नको, वहीचं ते एक पान. आणि हे विचारा, गेल्या वर्षभरात ईजीएफआर किती पडला, एसीआर किती आहे, माझं बीपी किती असायला हवं, डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी मला चालते का, कुठल्या गोळ्या बंद करायच्या, आणि आजारी पडून जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवसात यातल्या कुठल्या थांबवायच्या. हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे, उत्तर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. खाजगीत परवडत नसेल तर गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, किडनीची ओपीडी आहे, सकाळी लवकर जावं लागतं, पण जा.

मामीने गेल्या खेपेला हे सगळं विचारलं, मी फक्त बाजूला बसले होते. डॉक्टरांनी वही हातात घेतली, बोटाने ओळ धरून वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं ही कुणी लिहिली. मामी म्हणाली, "मीच." गोळी बदलली, खारं तिने स्वतःच कमी केलं. तेव्हापासूनचे दोन आकडे १.७ आणि १.७ आहेत. एसीआर चारशेवरून दोनशेसाठावर आलाय. पुढची तारीख चतुर्थीनंतरची, तिने वहीत आधीच रकाने आखून ठेवलेत.